डॅशबोर्डच्या मागे

विजयादशमीला सूर्य कलायला लागला की कोल्हापूरच्या दसरा चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. अंबाबाईची, तुळजाभवानीची पालखी लवाजम्यासह येते, सोनं लुटण्याच्या लकडकोटाभोवती माणसं दाटतात, आणि नवीन राजवाड्याकडून राजघराण्याची मेबॅक मोटार येते. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३०च्या दशकात जर्मनीहून आणवलेली ही गाडी. जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेन गावच्या मेबॅक कारखान्यानं झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांवर नाव कमावलं, १९२१ साली पहिली मोटार लोकांपुढे मांडली आणि १९४१पर्यंत सगळ्या मिळून जेमतेम १,८०० गाड्या बनवल्या. त्यांतली एक कोल्हापुरात आहे, आणि ती काचेआड उभी नाही. सीमोल्लंघनाला ती रस्त्यावर येते.

लोक रंग बघतात, लांबलचक बॉनेट बघतात, मोठे हेडलाइट बघतात. गाडीच्या विजेकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि जाऊ नये हेच बरं. पण १९३०च्या दशकातली कोणतीही मोटार गर्दीतून पावलापावलानं न्यायची म्हणजे तिच्या इंजिनापेक्षा तिच्या वायरिंगची परीक्षा असते.

कारण साधं आहे. त्या पिढीच्या गाड्यांत आजच्यासारखा अल्टरनेटर नसतो, डायनॅमो असतो. इंजिन मंद चालत असताना डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. तेवढ्या वेळात बॅटरीतला प्रवाह उलटा डायनॅमोत घुसू नये म्हणून ‘कटआउट’ दोघांमधला संबंध तोडून ठेवतो. इंजिनाचे फेरे वाढले की तो जोडला जातो आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा अधिकच्या बाजूला सरकतो. मिरवणुकीत फेरे वाढतच नाहीत. दिवे लागलेले, इग्निशन चालू, हॉर्न वाजतोय, आणि हे सगळं एकट्या बॅटरीच्या जिवावर. बारा व्होल्टच्या गाडीत ३६ वॉटचे दोन हेडलाइट ६ अँपिअर खातात, सहा व्होल्टच्या गाडीत तेच दिवे १२ अँपिअर. मध्येच इंजिन तापून बंद पडलं तर सेल्फ मारावा लागतो. त्या क्षणी शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह जाड केबलमधून धावतो. एखादी थिंबल सैल असेल, चासीवरच्या अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज असेल, तर नेमकं तेव्हाच कळतं.

जुन्या गाडीचं वायरिंग नव्यानं करणं ही म्हणूनच हौसेच्या यादीतली शेवटची बाब मानून चालत नाही. रंग आणि क्रोम नंतर आलं तरी चालतं. तार आधी.

जुनी बटणं, जुन्या धाटणीची कापडी तार आणि आत लपवलेली आजची सुरक्षितता, ही कला सगळ्यात जास्त फुलली ती अमेरिकेतल्या हॉट रॉडच्या जगात. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं १९३०च्या दशकात फोर्डच्या जुन्या गाड्या घेऊन, मडगार्ड काढून, वजन उतरवून म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ साली संघटना बांधली. फोर्डनं १९३२ साली ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं, आणि या मंडळींना घबाडच मिळालं. पुढे महायुद्ध संपलं आणि लष्कराचा उरलेला माल कवडीमोलानं बाजारात आला. विमानांचे टॉगल स्विच, काटे असलेली यंत्रं, सीटचे पट्टे, सगळं या गाड्यांत शिरलं. बिल बर्कनं तर १९४६ साली लढाऊ विमानाच्या पोटाखालची इंधनाची जादा टाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी केली. रॉबर्ट पीटरसननं जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक काढलं, तोवर या वेडाला स्वतःची भाषा आली होती. आज तिकडे त्या काळची गाडी पुन्हा उभी करणारा माणूस डॅशबोर्डवर तेच लष्करी टॉगल लावतो, सुती वेणीची तार वापरतो, आणि सीटखाली आधुनिक फ्यूजबॉक्स दडवतो.

कोल्हापुरात असा हॉट रॉड जसाच्या तसा करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मधल्या निकालात ते आणखी स्पष्ट केलं. पुढे जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकाखाली नोंदवता येते. ही नोंदणी १० वर्षांची. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे तर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढावी. म्हणजे छप्पर कापून, इंजिन बदलून रॉड करायचा मार्ग इथं बंद आहे. हे चांगलंच झालं असं म्हणायला हवं. आपल्याकडे युद्धपूर्व गाड्या मुळात मोजक्या. त्यांतली एक कापली की ती कायमची गेली. मात्र त्या अमेरिकन पोरांनी आणि त्यांच्या वारसांनी शिकवलेली एक गोष्ट आपल्याला तंतोतंत लागू पडते: डोळ्याला आणि बोटाला जुनं राहू द्यायचं, आतल्या कामात हयगय करायची नाही.

या कामाचा गाभा व्होल्टमध्ये आहे. मोटारीत वीज आली ती टप्प्याटप्प्यानं. बॉशनं १९१३ साली डायनॅमो, रेग्युलेटर आणि हेडलाइट यांचा पूर्ण संच विकायला काढला, त्याच्या आदल्याच वर्षी कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर बसवला होता. नंतर कितीतरी वर्षं बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवर चालल्या आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर १२ व्होल्टवर आल्या. महिंद्रांनी सुरुवातीला मुंबईत जुळवलेल्या विलीस जीपही ६ व्होल्टच्या कुळातल्याच. सहा व्होल्टची यंत्रणा मंद असते अशी तिची बदनामी आहे. बहुतेक वेळा दोष यंत्रणेचा नसतो, तारेचा असतो.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. दोन चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण साडेआठ मिलिओहम. बॅटरीपासून स्विच, तिथून पायाखालचा डिपर, तिथून पुढचे दिवे, अशी ५ मीटर वाट धरली आणि तिच्यातून १२ अँपिअर गेले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. बाराच्या गाडीत तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्मा, म्हणून जिरतो पाव व्होल्ट. सहातून अर्धा जाणं आणि बारातून पाव जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या मानानं फार वेगानं पडतो. सहाच्या गाडीत जवळपास चौथा हिस्सा उजेड गेला, बाराच्या गाडीत शेकडा सातच्या आसपास. शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाट लांब आणि फुटका असला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, मोटर कितीही अश्वशक्तीची असो. वर धरलेला हिशेब तर फक्त जाणाऱ्या वाटेचा, आणि तोही नव्या तारेचा. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. नव्वद वर्षांचा पत्रा, त्यावर रंगाचे थर, मध्ये गंज. गॅरेजमधून गाडी रंगवून आली की दिवे मंदावतात, ते याच कारणानं. रंगारी अर्थिंगच्या जागाही झाकून टाकतो.

जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणूनच दोन गोष्टी करतो. प्रत्येक दिव्याला चासीच्या भरवशावर न सोडता अर्थिंगची स्वतंत्र तार देतो. आणि दिव्यांच्या जवळ, बाहेरून दिसणार नाही अशा जागी रिले बसवतो. मग बॅटरीतून जाड तार थेट रिलेकडे आणि तिथून दिव्याकडे जाते. डॅशबोर्डवरच्या मूळ बटणातून फक्त रिलेची कॉइल चालण्यापुरता अल्पसा प्रवाह वाहतो, एक अँपिअरसुद्धा नाही. ज्या बटणानं इतकी दशकं १२ अँपिअरचा भार झेलला आणि ज्याचे पितळी संपर्क त्या भारानं काळे पडले, त्याला पहिल्यांदा विश्रांती मिळते. बटण ओढताना हाताला लागणारी खटक तीच राहते.

इथं एक प्रश्न नेहमी निघतो. सहा व्होल्ट काढून सरळ बारा का करू नयेत? करता येतं, पुष्कळ जण करतात. पण मग दिवे, कॉइल, हॉर्न, पेट्रोलचा काटा, वायपर, सगळ्यांची जुळणी बदलते. काही ठिकाणी व्होल्ट उतरवणारे रेझिस्टर घालावे लागतात आणि मूळ डायनॅमो फळीवर जातो. योग्य जाडीची तार, स्वच्छ जोड आणि पक्कं अर्थिंग दिलं तर ६ व्होल्टची गाडी चांगली चालते. आधी ते करून बघावं, मग बदलाचं बोलावं.

आता तार. युद्धपूर्व गाडीतली तार रबराच्या आवरणाची, वर सुती वेणी, त्यावर लाखेचा किंवा रोगणाचा हात. इंजिनाच्या उष्णतेनं आणि तेलानं ते रबर पार वाळतं. वरून वेणी शाबूत दिसते, तार जरा वाकवली की आतल्या रबराचे तुकडे पडतात आणि उघडं तांबं पत्र्याला टेकतं. हात न लावलेली जुनी गाडी विकत घेतल्यावर बॅटरी जोडून बघण्याचा मोह फार होतो. तो आवरला पाहिजे, कारण त्या काळच्या गाड्यांत फ्यूज एक-दोनच असत. फोर्ड मॉडेल ए तर कारखान्यातून फ्यूजविनाच बाहेर पडे. नवी तार जुन्या धाटणीची असली तरी आत पीव्हीसीचं आवरण असतं आणि बाहेर सुती वेणी. वेणीत ठरावीक रंगाचा धागा नागमोडी फिरलेला असतो, त्यावरून तार ओळखायची.

रंगांचं शास्त्र पाठ केल्याशिवाय या कामाला हात घालू नये. इंग्रजी गाड्यांत लुकासची पद्धत: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, लाल पार्किंगच्या दिव्यांचा, निळा हेडलाइटचा, काळा अर्थिंगचा. निळ्यात पांढरा धागा असेल तर हाय बीम, लाल धागा असेल तर लो. मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेली अँबॅसिडर याच वंशातली. त्यामुळे अँबॅसिडरवर हात बसलेल्या माणसाला जुनी इंग्रजी गाडी परकी वाटत नाही. जर्मन गाडीत रंगापेक्षा आकड्यांना मान. बॉशच्या पद्धतीत ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थिंग, ५० म्हणजे सेल्फ. आज कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या रिलेच्या बुडाशी जो ३० आकडा असतो, तो याच घराण्यातला. नवा रिले जुन्या गाडीत घालताना तो पाहुणा वाटत नाही, याचं हे एक समाधान आहे.

इंग्रजी गाड्यांत आणखी एक फास आहे. कित्येकांत बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असतं, आजच्या बरोबर उलटं. १९६०च्या दशकात ही रीत मागे पडली. नव्या पिढीचा मेकॅनिक सवयीनं ऋण टोक चासीला लावतो आणि गाडी सुरूही होते. पण डायनॅमो उलट्या दिशेनं वीज करायला जातो, चार्जिंगचा काटा उलटा हलतो, आणि कोणी अल्टरनेटर बसवलेला असेल तर त्यातले डायोड तत्काळ जळतात. मुद्दाम बदल करायचा असेल तर कॉइलच्या आणि अँपमीटरच्या तारांची अदलाबदल करावी लागते आणि बॅटरीची तार डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवून त्याचं चुंबकत्व नव्या दिशेनं वळवावं लागतं. काम मिनिटाचं आहे, माहीत नसेल तर नुकसान हजारोंचं.

स्विच हा या कामातला सर्वांत गोड आणि सर्वांत वेळखाऊ भाग. ओढायची गोल मूठ, किल्लीभोवती फिरणारा दिव्यांचा स्विच, पायानं दाबायचा डिपर, दारालगतच्या खांबातून बाहेर येणारा इंडिकेटरचा हात. हा हात बॉशनं १९२८ साली बाजारात आणला होता. हे सामान नवं मिळत नाही, मिळालं तर नकली आणि हलकं. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात शोधावं लागतं. सापडलेला स्विच बहुधा मेलेला नसतो, जाम झालेला असतो. पाठीमागचे रिव्हेट अलगद कापायचे, फायबरची चकती उचलायची, स्प्रिंग सांभाळायची, पितळी पट्ट्या घासून पुन्हा ताण द्यायचा. बॅकेलाइटची मूठ तडकली असेल तर काम अवघड होतं, कारण ते प्लास्टिक वितळत नाही. एकदा घट्ट झालं की झालं, पुन्हा ओतता येत नाही.

आणि इथं कोल्हापूरची बाजू भक्कम आहे. ज्या गावात १९१८ साली बाबूराव पेंटर आणि दामले यांनी विदेशी यंत्राची रचना समजून घेऊन स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावाला बंद पेटी उघडून बघायची भीती कधी नव्हती. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या इथल्या कारखान्यांच्या वसाहती. लोखंड ओतायचं, पितळ कातायचं, अर्ध्या मिलिमीटरचं माप राखायचं, हे इथं रोजचं. स्विचच्या पाठीमागची पितळी टोपी किंवा डिपरचा दांडा नमुना बघून करून देणारा लेथवाला उद्यमनगरात हटकून भेटेल. संपर्कबिंदूवर चांदीचा बारीक टिकला लागत असेल, तर चांदीकामाचं हुपरी हाकेच्या अंतरावर आहे. मोठ्या शहरातल्या हौशी माणसाला ज्या एका भागासाठी परदेशी मागणी नोंदवून थांबावं लागतं, तो इथं करून घेता येतो. या गोष्टीचा कोल्हापूरनं अजून पुरता फायदा घेतलेला नाही, असं वाटतं.

उणीव आहे ती दुसऱ्या बाजूला. लोखंडाचं काम डोळ्याला दिसतं, त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरत नाही. वायरिंगवर मात्र सगळेच काटकसर करतात. मग जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली जाते, उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो आणि पट्टी सुटते. झाळ देऊन केलेला जोड बाकावर पक्का वाटतो, पण झाळ तारेच्या धाग्यांत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यानं त्याच्या कडेला तार तुटते. योग्य मापाची थिंबल योग्य पक्कडीनं दाबून, तार पत्र्याला जवळच बांधून घेतली तर हे टळतं. पत्र्यातून तार जाते त्या प्रत्येक भोकात रबरी कडी हवीच. पाच रुपयांची ती कडी नसल्यामुळे अख्ख्या गाडीच्या वायरिंगची होळी होऊ शकते.

कोल्हापूरचा पाऊस हा वेगळाच शत्रू. सुती वेणी ओल धरते. लाखेचा हात उडालेला असेल तर पाणी धाग्यांतून पुढे सरकत जातं आणि जोडापाशी साठतं. आतलं तांबं काळं-हिरवं पडतं आणि वरून काही दिसत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-वाळवून सुरू झाली तरी तिचा हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, संशयितच समजावा. पुराच्या पाण्यातला गाळ जोडांत बसून ओल धरून ठेवतो. अशा गाडीला तुकड्या-तुकड्यानं ठिगळ लावण्यात अर्थ नसतो. सगळा हार्नेस काढून नवा बांधणं शेवटी स्वस्त पडतं.

नवा हार्नेस बांधायची रीतही जुनीच बरी. जुना काढण्याआधी प्रत्येक टोकाला खुणेची चिठ्ठी बांधायची, फोटो घ्यायचे. मग तो प्लायवुडच्या फळीवर जसाच्या तसा पसरायचा, वळणावळणावर खिळे ठोकायचे आणि त्याच खिळ्यांभोवती नवी तार फिरवायची. मेणाच्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर गाठी मारत जायचं. सुरुवातीला जोड द्यायचे नाहीत, लांबी दोन बोटं जास्त ठेवायची. जादा फ्यूजबॉक्स सीटखाली किंवा पुठ्ठ्याच्या आडोशाला. बॅटरीलगत एक कट-ऑफ स्विच, म्हणजे गाडी उभी करताना सगळी वीज एका झटक्यात तुटते. मूळ गाडीत तो नव्हता म्हणून नको, हा हट्ट धरू नये. अस्सलपणाच्या नावाखाली गाडी जाळण्यात काही मोठेपणा नाही.

गाडीत बसवल्यावरही बॅटरी थेट जोडायची नसते. आधी बॅटरीच्या तारेत टेस्ट लॅम्प मालिकेत लावायचा. सगळी बटणं बंद असताना तो पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि लॅम्प मध्ये असल्यामुळे तार जळत नाही. मग लॅम्प काढून एकेक सर्किट चालू करून बघायचं, दिव्यापाशी व्होल्ट मोजायचे, बॅटरीच्या व्होल्टशी ताडून बघायचे. फरक जास्त आला तर तिथला जोड उघडायचा. शेवटी डायनॅमो कुठल्या फेऱ्यांवर चार्जिंग सुरू करतो ते काट्यावर बघून ठेवायचं, कारण मिरवणुकीत चालकाला तेच आकडे लागतात: मध्येच थोडा ॲक्सिलरेटर देऊन काटा कधी अधिककडे आणायचा, हेडलाइट कधी विझवून फक्त पार्किंगवर जायचं.

एक काम मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. वायरिंग करणारा माणूस सगळा नकाशा डोक्यात ठेवतो, आणि तो निवृत्त झाला की नकाशाही जातो. रिले कुठं दडवला, कुठल्या तारेचा रंग नाइलाजानं बदलला, धन टोक चासीला आहे की ऋण, फ्यूज किती अँपिअरचे, हे सगळं एका मोठ्या कागदावर काढून, तारीख घालून, प्लास्टिकच्या पाकिटात गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवायला अर्धा दिवस पुरतो. उद्यमनगरात किंवा शिरोलीत पुढच्या खेपेला जी जुनी गाडी कामाला येईल, तिच्या मालकानं त्या कागदाचे पैसे बिलात वेगळे धरून द्यावेत.